अर्धा घंटा कोणाचा?

सुखदेवराव वानखडे महत्त्वाची गोष्ट नाक चिमटीत धरल्याशिवाय सांगत नाहीत.

डाव्या हाताची चिमूट नाकावर, उजव्या हाताचा तळवा तोंडापुढे वाटीसारखा, मान किंचित वर. मग जो आवाज निघतो तो माणसाचा वाटतच नाही. बसस्टँडवरचा भोंगा सुरू झाल्यासारखा वाटतो.

"लक्ष द्या, लक्ष द्या! पालकायनं इकडं लक्ष द्या! सोमवारपासून सकाळची शाळा! पान्याची बाटली, डोक्याले दुपट्टा, अन् डब्यात हलकं काई तरी! तळलेलं देऊ नाई! पुन्ना एकदा सांगतो..."

नवीन पालक दचकतात. स्कूटीवरची बाई ब्रेक दाबून वर बघते, भोंगा कुठे टांगलाय ते शोधते. भोंगा कुठेच नसतो. शाळेच्या फाटकाजवळच्या कडुनिंबाखाली पांढरा पायजमा-शर्ट घातलेला, खांद्यावर दुपट्टा टाकलेला, सत्तरी ओलांडलेला एक उंच माणूस नाक धरून उभा असतो.

मी त्यांना पहिल्याच वर्षी विचारलं होतं, "सुखदेवराव, नाक कशाला धरता?"

"मॅडम, साध्या आवाजात सांगतलं तं लोकायले वाटते, वानखडेबुढा बोलून रायला. नाक धरलं का थे सरकारी होते."

मी फळ्यावरची पुढची सूचना लिहायला घेतली.

मी अमरावतीतल्या एका लहानशा प्राथमिक शाळेची मुख्याध्यापिका. शाळा पहिली ते चौथी. मला याद्या करायची सवय आहे आणि ती सोडायचा माझा विचार नाही. पण फाल्गुन लागला की आमच्या याद्यांना पालवी फुटते. सकाळच्या शाळेची वेळ, धुळवडीची सुटी, वार्षिक परीक्षेचं वेळापत्रक, वाचायला नेलेली गोष्टींची पुस्तकं परत करणे, हरवलेल्या वस्तू ओळखून नेणे, चौथीचा निरोप समारंभ, दाखल्याचे अर्ज, निकाल. हे सगळं मी फाटकाच्या फळ्यावर सुवाच्य अक्षरात लिहिते आणि पालकांच्या ग्रुपवर टाकते. ग्रुपवर क्षणात अंगठे उगवतात. अंगठ्यांवर गेलात तर आमचे पालक महाराष्ट्रात पहिले यावेत. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यातल्याच एका अंगठ्याचा फोन येतो, "मॅडम, आज शाळा आहे ना?"

या दुखण्यावर मला जे औषध सापडलं ते सुखदेवराव. सापडलं म्हणजे आपणहून आलं. त्यांची नात ईश्वरी पहिलीत दाखल झाली त्याच आठवड्यात, फळ्यापुढे उभ्या एका ऑटोवाल्याला ते सूचना वाचून दाखवत होते. वाचता वाचता त्यांचा हात नाकाकडे गेला. रस्त्यापलीकडचे चार पालक आपोआप थांबले. मी वरच्या खिडकीतून ते पाहिलं आणि ठरवलं, या माणसाला अडवायचं नाही.

नोकरीत ते वाहतूक नियंत्रक होते. बसस्टँडवर खिडकीमागे बसून गाड्या पुकारणारा माणूस. उमर गेली अकोल्याच्या स्टँडवर, शेवटची काही वर्षं अमरावतीला. मुलं त्यांना कंट्रोलर आबाजी म्हणतात. पालकही तेच म्हणतात. पोस्टमनसुद्धा तेच म्हणतो.

सूचना तीनदा द्यायची, हा त्यांचा नियम. "पयल्या खेपेले जो आयकते थो शाना. दुसऱ्या खेपेले थो, ज्याले आयकू तं आलं पन पटलं नाई. अन् तिसरी खेप तमाखूची पुडी फोडनाऱ्यायसाठी. पुडी फोडताना मानसाचे कान बंद रायतेत मॅडम, पाहा तुमी कधी."

मी पाहिलं. खरं आहे.

माझं माहेर अकोल्याचं आहे हे कळल्यावर ते माझ्याशी जरा घरच्यासारखे वागू लागले. उन्हाचा विषय निघाला की अमरावतीकरांपुढे मला साक्षीदार म्हणून उभं करतात. "हे काय ऊन आहे? अकोल्यातनं आलेल्या मानसाले इथं स्वेटर लागते. सांगा हो मॅडम यायले!" चैत्रातल्या भर दुपारी, घाम पुसत, मला मान डोलवावी लागते.

सूचना माझी असली तरी फाटकापाशी ती त्यांची होते. धुळवडीच्या आधी मी लिहिलं होतं, 'मुलांचे रंग स्वच्छ धुऊन शाळेत पाठवावे.' पुकारा असा झाला: "ज्याचं लेकरू वळखू येनार नाई, त्याले वर्गात घेतल्या जानार नाई! हिरवं लेकरू परत केल्या जाईन!" हरवलेल्या वस्तूंची यादी मी नेहमीप्रमाणे दिली. त्यांनी वाचली, "बूट एक, डावा, निळी लेस. मालक लंगडत घरी गेला असन, माय-बापानं पाय मोजून पाहावे!" त्या दिवशी तो बूट नेला गेला. वर्षभरात पहिल्यांदाच हरवलेल्या वस्तूंची पेटी रिकामी झाली.

कांद्याचा मात्र मला त्रास झाला.

ऊन लागू नये म्हणून खिशात कांदा ठेवायची आपल्याकडची रीत. सुखदेवरावांनी ती शाळाभर लागू केली. सकाळच्या शाळेच्या पहिल्याच आठवड्यात ते पिशवीभर बारके कांदे घेऊन फाटकाशी उभे राहिले आणि आत शिरणाऱ्या प्रत्येक मुलाच्या खिशात एक एक टाकत गेले. पहिल्या तासापर्यंत ठीक होतं. दुसऱ्या तासाला तिसरीच्या वर्गात कांद्यांच्या गोट्या खेळल्या गेल्या. मधल्या सुटीत एका मुलाने आपला कांदा दुसऱ्याच्या भेळीसाठी दिला. संध्याकाळी ग्रुपवर आयांचे संदेश सुरू झाले, की वॉशिंग मशीनमधून गणवेशाऐवजी भजी काढायची वेळ आली आहे.

मी त्यांना बोलावून हे सांगितलं. त्यांनी गंभीरपणे ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी फाटकाशी नाक धरून जाहीर केलं, "कपडे धुवाच्या आंधी खिशातला कांदा काढून घेने! पुन्ना एकदा..."

कांदे वाटणं चालूच राहिलं.

ईश्वरीबद्दल आता सांगायला हवं, कारण हे सगळं फाटकावरचं नाटक तिच्यामुळे उभं होतं. तिचे आईवडील पुण्याला नोकरीत, दोघांच्याही पाळ्या बदलत्या. म्हणून ती लहानपणापासून इथे आजीआजोबांकडे. ती दुसरीत असताना आजी गेली. तेव्हा मुलगा अमोल तिला न्यायला आला होता. सुखदेवरावांनी त्याला थांबवलं. "चौथी होऊ दे. गाडी अर्ध्यातून वळवू नाई." अमोलने ऐकलं. चौथीपर्यंत इथे, पाचवीला पुणे, असं बापलेकांत ठरलं. ठरलं तेव्हा चौथी फार लांब होती.

आजी गेल्यावर वेण्या घालायचं काम आजोबांकडे आलं. पूर्वी गाडीच्या टपावर सामान बांधलेलं तुम्ही पाहिलं असेल, तशा त्या वेण्या असत. आवळून, दोन्ही बाजूंनी सारख्या, शेवटी गाठ अशी की खड्ड्यातून गाडी गेली तरी सुटणार नाही. पोरीच्या भुवया दिवसभर जरा वर ओढलेल्या दिसायच्या. वर्गात ती सतत आश्चर्य वाटल्यासारखी बघते, असं तिच्या बाईंना आधी वाटत होतं.

यंदा ती चौथीत आली आणि आबाजींच्या बोलण्यात पुणं वारंवार यायला लागलं. पुण्यात पाणी कसं जड आहे, पुण्यात माणसं दुपारी दारं कशी लावून घेतात, पुण्याच्या रस्त्यावर गाडी कशी जागची हलत नाही. "पुन्यात तं कंट्रोलरची गरजच नाई मॅडम, गाडी सुटतच नाई." हायस्कूल आमच्या शाळेच्या अगदी समोर आहे. तिथल्या पाचवीच्या प्रवेशाची सूचना माझ्या फळ्यावर नव्हती, तरी ते ती रोज तीनदा पुकारत होते. कोणासाठी, हे आम्हाला सगळ्यांना कळत होतं.

आता त्या सकाळची हकिकत, ईश्वरी पहिलीत असतानाची, जी आमच्या शाळेत अजून सांगितली जाते.

सुखदेवरावांचा आणखी एक नियम आहे. गाडीची वेळ खरी सांगायची नाही, अर्धा तास आधीची सांगायची. हा नियम अकोल्याच्या स्टँडवर जन्मला. लग्नसराईत कोण्या एका नवरदेवाची गाडी चुकली. वऱ्हाडी बसले, वाजंत्री बसली, नवरीसाठी घेतलेला शालू बसला, आणि नवरदेव पान खायला गेलेला. गाडी त्याला सोडून गेली. "म्या टाइमावर पुकारलं होतं. माही चूक नव्हती. पन लग्नात नवरदेवच नाई पोचला मॅडम! तवापासून ठरवलं, अर्धा घंटा मारून सांगाचं. शिव्या खाऊन घिऊ, पन एकबी सवारी मांगं रायली नाई पायजे."

हे शेवटचं वाक्य त्यांच्या तोंडी इतकं असतं की आमच्या पहिलीतल्या मुलांनी ते 'राष्ट्रगीतानंतर म्हणायचं वाक्य' म्हणून पाठ केलं होतं.

आता माझी बाजू. मुख्याध्यापिका होऊन मलाही काही वर्षं झालीत. सातची शाळा असेल तर मी फळ्यावर साडेसहा लिहिते. हे मी कोणाला सांगत नाही. व्यवस्थेचा भाग असतो तो.

मी फळ्यावर साडेसहा लिहिलं. सुखदेवरावांनी ते वाचलं, नाक धरलं आणि सहा पुकारलं. तीनदा.

सोमवारी मी माझ्या वेळेवर निघाले. शाळेच्या वळणावर पोचले तर पुढे एवढी गर्दी, की मला वाटलं अपघातच झाला. फाटकाला कुलूप. बाहेर अख्खी शाळा. पोरं बापांच्या खांद्यावर झोपलेली. एका मुलीच्या हनुवटीवर टूथपेस्ट वाळलेली. काही आया गाऊनवर दुपट्टा घेऊन आलेल्या, आणि ते सर्वांना दिसतंय हे लक्षात येऊन ऑटोच्या आड उभ्या. कोपऱ्यावरच्या चहावाल्याकडे मात्र पोळ्याच्या दिवसासारखी गर्दी. आणि मध्यभागी आमचे कंट्रोलर आबाजी. त्यांनी मुलांना भिंतीलगत वर्गवार उभं केलेलं. "फलाट एक, पयली! फलाट दोन, दुसरी! फलाट तीनवाल्यायनं पाढे म्हना!" प्रत्येक फलाटावर एकेक बाप कंडक्टर म्हणून नेमलेला.

मला पाहताच लोक माझ्यावर आले.

"मॅडम, आमी अंधारात पोरं घिऊन उभे, अन् तुमी आता येऊन रायल्या?" चौथीतल्या एका मुलाचे वडील. एरवी हे वडील वर्षभर घंटेच्या आधी कधी दिसले नव्हते.

मी सुखदेवरावांकडे गेले. राग आला की माझी शाळेची भाषा सुटते. "काहून बोलावलं एवढ्या लवकर लेकरायले? फळ्यावर साडेसहा लिहिलं ना म्या ठळक अक्षरात!"

"आता कशी अकोल्याची बोलली!" ते खूश होऊन म्हणाले. "साडेसहा लिवलं म्हनूनच तं सहा सांगतलं. अर्धा घंटा मारल्याबिगर हे लोक येतेत काय?"

"पण अर्धा तास मी आधीच मारला होता!"

त्यांचा हात नाकाकडे निघाला होता, तो अर्ध्यात थांबला. "म्हंजे शाळा..."

"सातची आहे."

ते क्षणभर माझ्याकडे बघत राहिले. मग फलाट एककडे, फलाट दोनकडे, ऑटोआडच्या गाऊनकडे पाहिलं. आणि असे हसायला लागले की त्यांना कडुनिंबाचा आधार घ्यावा लागला. "तुमीबी मारला अन् म्याबी मारला! अरे बाप्पा! एका गाडीले दोन कंट्रोलर!"

मला हसायचं नव्हतं. पण टूथपेस्टवाल्या मुलीने मोठ्यांदा विचारलं, "आबाजी, मंग मी घरी जाऊन झोपू का?" आणि मग कोणालाच आवरलं नाही. चहाचे पैसे त्या दिवशी पालकांनी आपसांत वाटून घेतले. शिपाई आला तेव्हा त्याला वाटलं आपल्यालाच उशीर झाला. तो बिचारा माफी मागत कुलूप काढत होता.

त्यानंतर आमच्यात करार झाला. अर्धा तास एकानेच मारायचा. मी फळ्यावर वेळ लिहिली की ते खिडकीखाली येऊन विचारायचे, "मॅडम, अर्धा घंटा कोनाचा?" मी म्हणायचे, "माझा." मग ते फळ्यावरची वेळ जशीच्या तशी पुकारायचे. कधी मुद्दाम मी म्हणायचे, "यावेळी तुमचा घ्या." तेव्हा त्यांची छाती अंगठाभर फुगायची. परीक्षेच्या दिवसांत हा सवाल-जवाब रोज चालायचा. ऐकणाऱ्या नव्या पालकांना काही कळत नव्हतं. त्यांना कळू न देणं हाच तर कराराचा गाभा होता.

ईश्वरीच्या चौथीची परीक्षा जवळ आली तशी मी दाखल्याची सूचना लिहिली. 'चौथीच्या पालकांनी शाळा सोडल्याच्या दाखल्यासाठी अर्ज द्यावा.' दरवर्षीची सूचना. दरवर्षी ते ती दणक्यात पुकारायचे, "ज्याची गाडी बदलनार आहे त्यानं तिकीट काढून घेने!"

यंदा ते खिडकीखाली आले नाहीत. मी वरून बघत होते. त्यांनी फळा वाचला, चष्मा पुसला, पुन्हा वाचला. आणि नाक न धरता, शेजारच्या माणसाला सांगावं तेवढ्या आवाजात, एकदा वाचून टाकलं.

"काय म्हने आबाजी?" एका आईने विचारलं.

"बोर्डावर लिवलं आहे ना. वाचा. शिकल्या-सवरलेल्या आहा तुमी."

ती बाई ओशाळून फळा वाचायला लागली. फळा कोणी वाचत नाही, यावर ज्यांनी चार वर्षं माझ्याशी वाद घातला, त्यांचं हे बोलणं.

चौथीचे अर्ज आले. एक आला नाही. मग अमोलचा पुण्याहून फोन आला. "मॅडम, बाबांनी दाखल्याचा अर्ज दिला का? इथली शाळा मागते आहे." मी नाही म्हटलं. "त्यांचं मला कळतं हो. पण आमची पोरगी आमच्याविना मोठी होऊन राहिली. तिची आई रोज फोनवर तिचा अभ्यास घेते, मग फोन ठेवते आणि स्वयंपाकघरात जाऊन बसते. तुम्ही बोलता का त्यांच्याशी? माझ्याशी बोलताना ते नाक धरतात."

शाळा सुटल्यावर मी कडुनिंबाखाली गेले. ईश्वरी मैदानात शेवटचा डाव खेळत होती.

"सुखदेवराव, एक अर्ज यायचा राहिलाय."

"असन कोन्या बेजबाबदार मानसाचा," ते रस्त्याकडे बघत म्हणाले.

मी त्यांच्या शेजारी कडुनिंबाला टेकले. मला थांबता येतं.

"मॅडम, हायस्कूल हे समोर आहे," ते म्हणाले. "वेन्या म्या घालतो. डबा म्या करतो. भेंडी आता चांगली जमते, चिकट होत नाई. पुन्यात काय? तिथं धड ऊन तरी आहे काय? कांद्याचं काय करन थे तिथं?"

"ती काय म्हणते?"

"थेच तं झोल आहे." त्यांनी दुपट्ट्याने मान पुसली. "थे म्हंते, आबाजी, मी मायजवळ जातो. अन् तुमीबी चाला."

"मग जा ना तुम्हीही."

"गेलतो ना मांगच्या साली. थ्यायच्या बिल्डिंगच्या फाटकाशी उभा रायलो, शाळेची बस आली तं पुकारलं. वॉचमन म्हने, काका, सर्दी झाली काय, वर जाऊन आराम करा." ते हसले. मीही हसले. "आठ रोज आराम केला. घर सगळं थ्यायचंच आहे, चांगलं आहे, सूनबाई जीव लावते. पन मानसानं तिथं कराचं काय? अन् इथं घराले कुलूप लावलं तं थिच्या आजीनं लावलेल्या मोगऱ्याले पानी कोन घालन?"

मैदानातून ईश्वरी धावत आली. एक वेणी सुटायच्या बेतात होती. "आबाजी, आईचा फोन आला का? आज थिनं गोष्ट सांगाची राहिली आहे!" असं म्हणून त्यांच्या खिशातला फोन काढून घेऊन ती पुन्हा पळाली.

ते तिच्याकडे बघत राहिले. "पाहा," म्हणाले. "सवारी तयार आहे. म्याच गाडी धरून ठिवली."

दुसऱ्या दिवशी अर्ज माझ्या टेबलावर होता. त्यांच्या नियंत्रकाच्या ठाशीव अक्षरातला. शिक्षकांच्या खोलीत कोणीतरी म्हणालं, आज आबाजींनी कांदे नाही वाटले. पण ते तेवढ्यापुरतंच. त्याच्या दुसऱ्या दिवशी पिशवी पुन्हा भरलेली होती.

निकाल महाराष्ट्र दिनी लागतो. झेंडावंदन झालं, प्रगतिपत्रकं वाटली. सुखदेवरावांनी वर्षाचा शेवटचा पुकारा केला, "शाळा आता जूनच्या अखेरीले! नदीवर एकटं जानाऱ्याचं नाव मले सांगने! आंबे धुवून खाने!" शेवटचं माझ्या यादीत नव्हतं. ईश्वरी पास झाली होती. चांगली पास झाली होती, आणि तिच्या भुवया त्या दिवशी नेहमीपेक्षा जास्तच वर होत्या.

त्याच आठवड्यात मी अकोल्याला आईकडे जायला निघाले. संध्याकाळचं ऊन अजून बसस्टँडच्या फलाटावर आडवं पडलं होतं. गाडी शोधत होते, तर बाकावर वानखडे कुटुंब. बॅगा रचून ठेवलेल्या, अमोल घड्याळ बघत येरझारा घालतोय, आणि बाकाच्या टोकाला ईश्वरी बसलेली, मागे आबाजी उभे. तिच्या फ्रॉकच्या खिशाला कांद्याचा फुगवटा होता.

"ट्रॅव्हल्सनं नाही जात?" मी विचारलं.

"बाबांना लाल गाडीच पाहिजे," अमोल म्हणाला. "म्हणाले, साडेपाचची आहे, लवकर आटपा. जेवण अर्धं टाकून पळत आलो मॅडम, ऑटोवाल्याला दहा शिव्या दिल्या. इथे आल्यावर कळतं, गाडी सहाची! उमर गेली कंट्रोलर म्हणून, आणि..."

"बदलवला असन टाइम," सुखदेवराव म्हणाले.

चौकशीच्या खिडकीतला माणूस त्यांना ओळखत होता. तो आतून ओरडला, "बदलला कुठं काका! तुमच्या वक्तापासून सहाचीच आहे ना!"

"तू तुह्यं काम कर," सुखदेवराव त्याला म्हणाले.

अमोल वैतागून पाण्याच्या बाटल्या आणायला गेला. मी बाकावर टेकले. ईश्वरी मला सांगत होती की पुण्याच्या शाळेत पोहायचा तलाव आहे, आणि आबाजी दिवाळीत येणार आहेत, त्यांनी कबूल केलंय, तीनदा. आबाजी तिच्या केसांकडे बघत होते. अकोल्याची गाडी लागल्याचं पुकारलं गेलं. मी उठले नाही. अकोल्याच्या गाड्या भरपूर असतात.

मी हळूच विचारलं, "सुखदेवराव, अर्धा घंटा कोनाचा?"

त्यांनी नाक धरलं नव्हतं. तरी आवाज भोंग्यातून आल्यासारखाच आला.

"हा माहा, मॅडम."

मग ते नातीकडे वळले. "इसू, हे डावी वेनी ढिली झाली वाटते. सरळ बस जराशी."

वेणी चांगली घट्ट होती. त्यांनी गाठ सोडली, केस पूर्ण मोकळे केले, आणि वरून, पहिल्या पेडापासून, पुन्हा घालायला घेतली.